वही, सुवर्णपत्रे आणि पादुका : श्रद्धेच्या भौतिक पुराव्याविषयी एक विचार

आषाढी वारीसाठी देहूहून निघालेली तुकोबांची पालखी उंडवडी गवळ्याची येथील मुक्काम आटोपून बारामतीस येते आणि तेथून पुढे इंदापूर तालुक्यात शिरते. वाटेत काटेवाडीस परीट मंडळी पालखीपुढे धोतरांच्या पायघड्या अंथरतात. तेथेच मेंढ्यांचे रिंगण होते. बेलवाडीस अश्वाचे गोल रिंगण होते व अश्व धावून गेल्यावर त्याच्या टापांखालची माती वारकरी कपाळी लावतात. सणसर, निमगाव केतकी, इंदापूर असे मुक्काम करीत पालखी सराटीस पोचते. नीरेच्या पाण्यात पादुकांना स्नान घातले जाते आणि मग ती नदी ओलांडून सोलापूर जिल्ह्यात जाते.

या सर्व वाटेवर पालखीत असतात त्या चांदीच्या पादुका. त्या तुकोबांनी पायांत घातल्या होत्या असा दावा कोणी करीत नाही. ज्याने आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत सोडून दिली असे परंपरा सांगते, त्याच्या पायी चांदी कोठून येणार, हे पायघड्या घालणाऱ्यालाही ठाऊक असते. उलट, तुकोबांच्या हातची म्हणून जी वस्तू परंपरेने जपली, जिच्या पाण्यातून कोरडी वर येण्याने त्यांची थोरवी सिद्ध झाली असे सांगितले जाते, ती वही देहूच्या देवळातच राहते. जी वस्तू पुरावा म्हणून पुढे करता येईल ती घरी ठेवावयाची आणि जिने काहीच सिद्ध होत नाही ती लक्षावधी लोकांनी मैलोगणती मिरवत न्यावयाची, हा प्रकार वरवर विसंगत दिसतो. धार्मिक श्रद्धेला भौतिक पुराव्याची गरज असते काय, या प्रश्नाचा विचार या विसंगतीपासून सुरू करणे सोयीचे होईल.

आधुनिक काळात हा प्रश्न ज्या पंथाच्या बाबतीत सर्वांत तीव्रतेने विचारला गेला तो म्हणजे अमेरिकेतील मॉर्मन पंथ. प्राचीन धर्मांच्या उगमकथा काळाच्या धुक्यात असतात. त्यांचे साक्षीदार शोधू गेल्यास सापडत नाहीत. या पंथाचा जन्म मात्र वर्तमानपत्रे, छापखाने आणि न्यायालये यांच्या काळात झाला. इ. स. १८२३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील पाल्मायरा गावाजवळच्या शेतकरी कुटुंबातील जोसेफ स्मिथ या सतरा वर्षांच्या मुलास मोरोनी नावाच्या देवदूताचे दर्शन झाले, आणि त्याने जवळच्या टेकडीत पुरलेल्या सुवर्णपत्रांचा ठाव सांगितला, असे स्मिथचे कथन आहे. १८२७ मध्ये ती पत्रे त्याच्या हाती आली. त्यांवरील अनोळखी लिपीतील मजकुराचे ईश्वरी साहाय्याने केलेले भाषांतर म्हणून ‘बुक ऑफ मॉर्मन’ हा ग्रंथ १८३० च्या मार्चमध्ये पाल्मायरा येथेच छापला गेला. पहिल्या आवृत्तीच्या पाच हजार प्रती निघाल्या. त्याच वर्षी ६ एप्रिलला पंथाची स्थापना झाली. पत्रे मात्र कोणास पाहावयास मिळत नाहीत, कारण काम संपल्यावर ती देवदूताने परत नेली.

या पंथाचे प्रचारक मराठी मुलखासही अगदीच अपरिचित नव्हते. ह्यू फिंडले हा प्रचारक १८५२ मध्ये मुंबईस उतरला व पुढे पुण्यास आला. तेथे त्याने एक लहानशी शाखाही उभी केली. ती टिकली नाही. तथापि तुकोबांची पालखी दरवर्षी ज्या पुण्यातून बारामतीकडे जात होती, त्याच पुण्यात सुवर्णपत्रांची कथा काही काळ सांगितली जात होती, ही गोष्ट सहज नोंदविण्याजोगी आहे.

पत्रे परत गेली, तेव्हा त्यांच्या जागी काय राहिले? साक्षी. ऑलिव्हर कौडरी, डेव्हिड व्हिटमर व मार्टिन हॅरिस या तिघांनी देवदूताने आपणांस पत्रे दाखविली असे लिहून दिले, आणि आणखी आठ जणांनी ती आपण हातांत घेऊन पाहिल्याचे लिहून दिले. ही दोन्ही निवेदने आजही ग्रंथाच्या आरंभी छापली जातात. पुढे तिघाही मुख्य साक्षीदारांचे स्मिथशी बिनसले. १८३७-३८ च्या सुमारास तिघेही बहिष्कृत झाले. कौडरी व हॅरिस कालांतराने परतले, व्हिटमर अखेरपर्यंत परतला नाही. परंतु तिघांपैकी कोणीही आपली साक्ष मागे घेतली नाही. व्हिटमरने तर १८८७ मध्ये पुस्तिका छापून तिचा पुनरुच्चार केला. पंथाचे समर्थक यावर भर देतात, आणि तो अनाठायी नाही. टीकाकार हॅरिसने पत्रे चर्मचक्षूंनी नव्हे तर आत्मिक दृष्टीने पाहिल्याचे बोलून दाखविले होते, या आठवणींकडे बोट दाखवितात. तेही अनाठायी नाही.

याच हॅरिसच्या ठायी पुराव्याची भूक सर्वांत अधिक होती. तो खाऊनपिऊन सुखी शेतकरी. पुढे ग्रंथाच्या छपाईसाठी त्याने आपली जमीन गहाण टाकली. १८२८ मध्ये पत्रांवरील अक्षरांची नक्कल घेऊन तो न्यूयॉर्कला चार्ल्स अँथन या प्राध्यापकाकडे गेला. अँथनने अक्षरे खरी ठरविली, पण पत्रे देवदूताने दाखविली हे ऐकताच दिलेला दाखला फाडून टाकला, असे हॅरिसचे म्हणणे. आपण असे काहीच म्हटले नाही, असे अँथनचे. त्याच वर्षी भाषांतराची पहिली ११६ पाने घरच्या मंडळींना दाखविण्यासाठी हॅरिसने आग्रहाने मागून नेली आणि ती त्याच्याकडून हरवली. ती पुन्हा भाषांतरित करू नयेत, अशी ईश्वरी आज्ञा झाल्याचे स्मिथने सांगितले. पाने परत लिहून जुन्या पानांशी ताडून पाहण्याची संधी त्यामुळे कायमची गेली. संशय घेणारा येथेच थबकतो.

आता देहूकडे वळावयाचे. तेथील कथा मराठी वाचकास सांगावी लागत नाही. कुणबी कुळातील, वाणीपणा करणारा मनुष्य अभंग रचतो, त्यांतून श्रुतींचा अर्थ प्रकट होतो, आणि लोक त्याच्या पायी लागतात, हे वाघोलीच्या रामेश्वरभट्टांस सहन झाले नाही. वह्या इंद्रायणीत बुडविण्याची आज्ञा झाली. तुकोबांनी त्या दगड बांधून डोहात सोडल्या, तेरा दिवस निर्वाण मांडले आणि वह्या कोरड्या वर आल्या. अठराव्या शतकात महिपतींनी हे चरित्र विस्ताराने गायिले. पण कथा त्यांच्याहून जुनी आहे. तुकोबांच्या समकालीन शिष्या बहिणाबाई यांच्या अभंगांत तेरा दिवसांचा उल्लेख येतो. स्वतः रामेश्वरभट्टांच्या नावावरील रचनेतही दगडांसहित वह्या तरल्याचे वर्णन आहे. पाल्मायराचे साक्षीदार आरंभी मित्र होते आणि पुढे दुरावले. देहूचा प्रमुख साक्षीदार आरंभी प्रतिपक्षी होता आणि पुढे शिष्य झाला. साक्षीच्या मूल्यमापनात दोन्ही प्रकारांना वजन आहे, कारण दोन्हींत साक्ष देणाऱ्याच्या सोयीविरुद्ध काहीतरी घडलेले असते.

परंतु येथे एक गोष्ट नीट पाहावयास हवी. पाण्यातून कोरडी आलेली वही कशाचा पुरावा होती? ईश्वर आहे की नाही, हा वाद देहूत नव्हताच. रामेश्वरभट्ट काही नास्तिक नव्हते. वाद होता तो अधिकाराचा. वेदांचा अर्थ प्राकृतातून सांगण्याचा अधिकार शूद्रास आहे काय, एवढाच प्रश्न होता, आणि धर्मशास्त्राची सारी पोथी त्याला ‘नाही’ असे उत्तर देत होती. शास्त्रात ज्याला जागा नाही त्याने शास्त्राचा दाखला कोठून आणावा? त्याला दाखला नदीकडूनच मागावा लागतो. पाल्मायरातही ईश्वराच्या अस्तित्वाबद्दल कोणाला शंका नव्हती. उलट त्या भागात नाना पंथांचे प्रचारक ईश्वराच्याच नावाने एकमेकांशी भांडत होते. प्रश्न हा होता की, फारसे शिक्षण नसलेल्या, धर्मविद्यालयाची पायरीही न चढलेल्या शेतकऱ्याच्या मुलास नवे शास्त्र सांगण्याचा हक्क काय? सुवर्णपत्रे या प्रश्नाचे उत्तर होती. ज्याच्याजवळ पदवी, कुळ वा दीक्षापरंपरा आहे त्याला अशा वस्तूची गरज सहसा पडत नाही. काशीच्या पंडिताने आपली टीका गंगेत बुडवून दाखवावी, असे कोणी म्हटले नसते. भौतिक पुराव्याची मागणी श्रद्धेच्या पोटातून उठते, असे समजण्याचा प्रघात आहे. पण या दोन उदाहरणांत ती अधिकार नाकारणाऱ्या समाजाकडून येते, आणि नाकारला गेलेला मनुष्य तिला उत्तर देतो.

तुकोबांना हे स्वच्छ कळले होते. वह्या वर आल्यानंतरचे म्हणून गाथेत जे अभंग आहेत त्यांत विजयाचा सूर जवळजवळ नाही. आहे ती क्षमायाचना. लोकांच्या बोलण्यासाठी आपण देवाचा अंत पाहिला, त्याचे चित्त क्षोभविले, हा मोठा अन्याय झाला, असे ते म्हणतात. देवाला डोहात आणि आपल्यापाशी अशा दोन ठिकाणी उभे राहावे लागले, याची त्यांना लाज वाटते. कागद पाण्यात राखले गेले आणि जनवाद चुकला, हे ते मान्य करतात. पण पुरावा मिळाला म्हणून आपली श्रद्धा वाढली, असे ते म्हणत नाहीत. ज्याला पुरावा मिळाला तोच तो मागितल्याबद्दल क्षमा मागत आहे. श्रद्धा आणि पुरावा यांच्या संबंधावर मराठीत याहून सूक्ष्म असे काही लिहिले गेले असेल तर ते विरळाच. चमत्कार घडला की नाही याविषयी वाचकाचे मत काहीही असो, या अभंगांतील मनःस्थिती त्याला टाळून पुढे जाता येणार नाही.

भारतीय प्रमाणशास्त्राच्या भाषेत हा भेद मांडता येतो. नैयायिकांनी प्रत्यक्ष व अनुमान यांबरोबर शब्द हेही स्वतंत्र प्रमाण मानले, आणि शब्दाचे प्रामाण्य आप्तावर, म्हणजे वस्तू जाणणाऱ्या व जाणली तशी सांगू इच्छिणाऱ्या वक्त्यावर, टेकविले. वात्स्यायनाने या लक्षणावर भाष्य करताना ते ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या तिघांनाही सारखेच लागू पडते, असे बजाविले आहे. हे वाक्य रामेश्वरभट्टांच्या ध्यानी असते, तर वह्या बुडवाव्या लागल्या नसत्या. मीमांसकांनी याहून निराळी वाट धरली. ज्ञान स्वतःच प्रमाण असते; त्याला बाहेरून आधार द्यावा लागत नाही; मात्र बाधक ज्ञान उत्पन्न झाले किंवा कारणात दोष दिसला, तर ते अप्रमाण ठरते. आधाराची गरज नाही, पण बाधाची शक्यता आहे, या दोन गोष्टी कुमारिलाने एकत्र ठेवल्या हे त्याचे मर्म होय. पुराव्यावाचून काहीही मानणे सर्वथा गैर आहे, असे इंग्लंडात क्लिफर्डने १८७७ मध्ये म्हटले, आणि विल्यम जेम्सने १८९६ मध्ये त्याला उत्तर दिले. पण त्या प्रसिद्ध वादात दोघांचेही लक्ष आधारावर अधिक आणि बाधावर कमी राहिले, असे वाटते.

बारामतीतच याचे एक वेगळे उदाहरण सापडते. मोरोपंतांचे (१७२९–१७९४) बहुतेक आयुष्य बाबूजी नाइकांच्या आश्रयाने या गावी गेले. ‘केकावली’ हे त्यांचे काव्य म्हणजे देवापुढे केलेली आळवणी. पण तिची बांधणी एखाद्या निष्णात वकिलाच्या युक्तिवादासारखी आहे. पुराणांतील उद्धाराच्या कथा पंत दाखल्यांप्रमाणे मांडतात आणि मग आपलीच उपेक्षा का, असे विचारतात. त्या कथा घडल्या की नाही हे त्यांना तपासावयाचे नाही. शब्दप्रमाण त्यांना पुरेसे आहे. कऱ्हेकाठच्या या पंडिताचा अधिकार कोणी नाकारला नव्हता, म्हणून त्याला नदीची साक्ष काढावी लागली नाही.

मात्र एकदा साक्षीला बोलाविलेल्या वस्तूची उलटतपासणी टळत नाही. सुवर्णपत्रे नाहीशी झाली हे एका अर्थी पंथाच्या पथ्यावरच पडले, हे स्मिथच्या दुसऱ्या ग्रंथाच्या इतिहासावरून दिसते. १८३५ मध्ये त्याने फिरत्या प्रदर्शनकाराकडून इजिप्तमधील काही ममी व पपायरस विकत घेतले आणि त्यांवरून अब्राहामाचा ग्रंथ भाषांतरित केल्याचे सांगितले. हे पपायरस जळून गेले असावेत असा बराच काळ समज होता. १९६७ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाकडून त्यांचे काही तुकडे पंथाच्या स्वाधीन झाले. तोवर इजिप्शियन लिपी वाचता येऊ लागली होती. तुकड्यांवर अब्राहामाचे नावही नव्हते. ते मृतांसाठीचे नेहमीचे विधिग्रंथ होते. तुकड्यांवरील अक्षरे ग्रंथातील मजकुराशी जुळत नाहीत, हे पंथाने २०१४ मध्ये स्वतःच्या निवेदनात मान्य केले. ‘भाषांतर’ या शब्दाचा अर्थ येथे निराळा घ्यावा, अशी मांडणी त्यापुढे आली.

थॉमस स्टुअर्ट फर्ग्युसन या कॅलिफोर्नियातील वकिलाची हकीकत याहूनही बोलकी आहे. ‘बुक ऑफ मॉर्मन’मधील नगरे मेक्सिकोच्या भूमीत खणून काढता येतील, अशा दृढ विश्वासाने त्याने १९५२ मध्ये एक पुरातत्त्व प्रतिष्ठान स्थापिले आणि पंथाकडून त्याला पैसा मिळवून दिला. चियापास प्रांतात वर्षानुवर्षे उत्खनने झाली. त्यांतून मध्य अमेरिकेच्या प्राचीन इतिहासावर चांगला प्रकाश पडला, आणि तज्ज्ञ आजही त्या कामाचा आदर करतात. फर्ग्युसनला हवे होते ते मात्र सापडले नाही. पपायरसचा निर्णय त्यावर पडला आणि आयुष्याच्या उत्तरार्धात त्याचा ग्रंथाच्या ऐतिहासिकतेवरचा विश्वास उडाला. तरीही तो प्रार्थनासभांना जात राहिला. त्याला भोंदू म्हणणे सोपे आहे, पण ते न्याय्य होणार नाही. त्याने आपली श्रद्धा खणण्याजोग्या जमिनीवर उभी केली होती आणि जमीन प्रामाणिकपणे खणली. जे उरले त्याला सोडून जाणे त्याला जमले नाही. पंथाने मात्र पूर्वीपासून एक दुसरी वाटही मोकळी ठेवलेली आहे. ग्रंथाच्या अखेरीस मोरोनी वाचकास सांगतो की, हे खरे आहे काय ते ईश्वरासच विचारावे आणि अंतःकरणात उत्तर घ्यावे. सामान्य मॉर्मन मनुष्याची श्रद्धा साक्षीदारांच्या निवेदनांपेक्षा या उत्तरावर उभी असते. असे असले तरी अमेरिकेतील आदिवासींच्या पूर्वजांविषयी ग्रंथाच्या प्रस्तावनेत असलेले वाक्य २००६-०७ च्या सुमारास सौम्य करावे लागले, कारण जनुकशास्त्राचे निष्कर्ष अंतःकरणाला विचारून येत नाहीत. कुमारिलाचा बाधकप्रत्यय तो हाच.

वारकरी परंपरा या कसोटीतून मुक्त आहे, असे समजण्याचे कारण नाही. देहूच्या ‘भिजक्या वही’त आज सुमारे अडीचशे अभंग आहेत आणि एके काळी तीत याहून पुष्कळ अधिक होते, असे दिलीप चित्रे यांनी नोंदविले आहे. इंद्रायणीने जे राखले ते माणसांच्या हातून झिजले. मुंबई सरकारच्या साहाय्याने शंकर पांडुरंग पंडित व विष्णु परशुरामशास्त्री पंडित यांनी १८६९ ते १८७३ या काळात गाथा सिद्ध केली, तेव्हा त्यांना निरनिराळ्या ठिकाणच्या पोथ्या ताडून पाहाव्या लागल्या. पुढे वि. ल. भावे यांनी संताजी जगनाडे यांच्या वहीतील पाठ प्रसिद्ध केला. साडेचार हजारांहून अधिक अभंगांपैकी तुकोबांचे कोणते, हा प्रश्न चमत्काराने सुटत नाही. तो अक्षर, कागद आणि पाठ यांनीच सुटावयाचा. शके १५७१ मधील सदेह वैकुंठगमनाविषयीही शंका घेतल्या गेल्या आहेत आणि खुनाचा तर्क मांडणारे लेखकही झाले आहेत. भाविकाला हे तर्क रुचत नाहीत. पण घटना अमुक तिथीस घडली असे म्हटले की, इतिहासाच्या प्रश्नांना दार उघडेच राहते.

मग पादुकांचे काय? तुकोबांचे धाकटे पुत्र नारायणबाबा यांनी १६८५ मध्ये पालखीत पादुका ठेवून वारी नेण्याची प्रथा पाडली. त्यांनी वही नेली नाही, यात काही योजना होती असे म्हणण्यास आधार नाही. पण परिणाम मोठा झाला. पादुका कशाचीही साक्ष देत नाहीत, म्हणून त्यांची उलटतपासणीही करता येत नाही. त्यांचे काम निराळे आहे. मीमांसेचा शब्द सोडून सांगावयाचे तर त्या प्रमाण नसून अधिष्ठान आहेत. त्यांच्याभोवती मेंढ्या धावतात, त्यांच्यापुढे धोतरे अंथरली जातात, त्यांना नीरेत स्नान घडते. परीट, मेंढपाळ, घोडेस्वार, विणेकरी यांना आपापली सेवा रुजू करण्यास एक स्थान लागते, आणि ते स्थान भौतिकच असावे लागते. २०२० व २०२१ या साथीच्या वर्षांत हे विशेष स्पष्ट झाले. पायी वारी झाली नाही. बारामती-इंदापूरच्या वाटेवर रिंगणे झाली नाहीत. पण पादुका एस. टी. च्या बसने पंढरपुरास गेल्या. चालणारे थांबले तरी ती वस्तू पोचावीच लागली. श्रद्धेला भौतिक वस्तू लागत नाही, असे म्हणणाऱ्याने या बसचा अर्थ लावून दाखवावा.

बारामती, सणसर, निमगाव केतकी आणि इंदापूर येथील मुक्कामांत रात्री कीर्तने होतात आणि त्यांत वह्यांचा प्रसंग वारंवार येतो. कीर्तनकार भर कोठे देतो, वह्या कोरड्या निघाल्या यावर, रामेश्वरभट्टांच्या पालटावर की तुकोबांनी मागितलेल्या क्षमेवर, हे गावागणिक व फडागणिक टिपून ठेवता येण्याजोगे आहे. तसे टिपण करणाऱ्याने श्रोत्यांनाही विचारावे. पण वह्या खरोखर तरल्या काय, हा प्रश्न शेवटी ठेवावा. तो आधी विचारला की उत्तर देणारा सावध होतो, आणि मग रामेश्वरभट्टांना द्यावयाचे उत्तर तो चौकशी करणाऱ्याला देऊ लागतो.